जावानीजमध्ये 'तू' कुणाला म्हणायचं

जावानीज भाषेतला 'तू' मी पहिल्यांदा वापरला तो साठीला आलेल्या एका बाईसाठी, आणि तिनं संध्याकाळपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

शब्द होता 'कोवे'. मी तो नुसता कान देऊन उचलला होता. कुवेतमधल्या एका इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात, बायकांच्या बाजूला मी कंत्राटी नर्स होते. खिडकीजवळच्या दोन खाटांवर इंडोनेशियातल्या जावा बेटावरून आलेल्या दोघी होत्या. दोघीही घरकामाला आलेल्या. म्हातारीचा खुबा मोडला होता, रिग्गईतल्या एका घरात स्वयंपाकघर धुताना घसरून. तरुण होती तिचा कणा मोडला होता. ती तिसऱ्या मजल्यावरून खाली आली होती. कशी आली, यावर पुढचं सगळं अडकलं होतं, म्हणून ते जरा सावकाश सांगते.

म्हातारी तरुणीला 'कोवे' म्हणायची. कोवे जेव, कोवे झोप, कोवे रडू नको. मला वाटलं, सापडला शब्द. दुसऱ्या दिवशी गोळ्यांची वाटी पुढे करून मी म्हातारीला म्हटलं, "कोवे, गोळी." तिनं माझ्याकडे बघितलं, गोळीकडे बघितलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तरुणीला हसू फुटलं. हसल्यानं पाठीत कळ आली म्हणून ती ओरडली, आणि ओरडता ओरडता पुन्हा हसली. त्या वॉर्डात तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी तरुणीनं मोडक्या अरबीत मला समजावलं. या दोघींची आणि माझी सामाईक भाषा तीच, स्वयंपाकघरातली अरबी. त्यात 'अना' म्हणजे मी आणि 'इंता' म्हणजे तू, बाई असो की बाप्या, मालक असो की भांडी घासणारी. ती म्हणाली, "इंता तिला कोवे म्हणालीस. तिला वाटलं, आता तूपण मालकीण झालीस."

मला राग आला. मी चूक कबूल करायला अजिबात तयार नव्हते. आमच्या मालवणीत आईला तू, बापाला तू, देवाला तर तूच. आणि मी वाढले ती पत्रकांवर. नव्वदच्या दशकात नर्सिंग कॉलेजात असताना आम्ही मुली रात्रपाळीच्या फुकट राबवण्याविरुद्ध पत्रकं काढायचो, होस्टेलच्या शेगडीवर खळ शिजवून ती भिंतींना चिकटवायचो. पत्रकात 'मी' नसतो. 'आम्ही' असतो, समोर 'तुम्ही' असता, आणि वर कुठेतरी 'ते' असतात. ही तीन सर्वनामं ज्याला नीट वापरता आली त्याला पत्रक लिहिता आलं, असं आमची एक सीनियर म्हणायची, आणि मला ते अजूनही पटतं. त्या इस्पितळात झाडूवाल्या बायकांना डॉक्टर 'ए मावशी' म्हणायचे. मावशी म्हटलं की पगार विचारायचा नसतो, सुट्टी मागायची नसते. नात्याचा शब्द फुकट असतो ना, म्हणून तो सढळ हातानं वाटतात. एवढं शिकून मी कुवेतला आले होते. आणि इथे एक भाषा मला सांगत होती की 'तू' म्हणायच्या आधी समोरच्याची पायरी बघ.

तरीही मी शिकायचं ठरवलं, आणि कारण साधं होतं. मला पत्रक काढायचं होतं.

अब्बासियात आमची खोली होती, पाच नर्सेस एका फ्लॅटमध्ये. शुक्रवारी तिथे आम्ही काहीजण जमायचो. कोकणातले दोन सुतार, एक प्लंबर, केरळच्या दोघीतिघी. दारं लावून, गॅसवर चहा ठेवून हिंदीत आणि मल्याळममध्ये पत्रकं लिहायचो: तुमचा पासपोर्ट तुमचा आहे, तो कफिलाच्या कपाटात का? कफील म्हणजे तुमचा व्हिसा ज्याच्या नावावर तो मालक. तो हो म्हणेल तेव्हा देशात यायचं, तो हो म्हणेल तेव्हा देशाबाहेर जायचं. पत्रकं किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यांमध्ये सारून यायचो. सापडलो असतो तर दुसऱ्या दिवशी विमानात. पण जिथे सगळ्यात जास्त हाडं मोडत होती तिथे आमची पत्रकं पोचतच नव्हती, कारण घरात कोंडलेल्या बायका अब्बासियात तांदूळ घ्यायला येत नाहीत. त्या येतात माझ्या वॉर्डात. ट्रॉलीवर.

म्हणून मी म्हातारीकडे गेले आणि तिची माफी मागितली. कशी मागायची तेही तिच्याकडूनच शिकून.

तिनं मला आधी हाक मारायला शिकवलं. तिला 'बुडे' म्हणायचं. आईची किंवा बापाची थोरली बहीण ती बुडे. तरुणीला 'म्बाक', म्हणजे ताई, जरी ती माझ्याहून लहान असली तरी. "नाव नको आणि तूही नको. हाक मार. हाकेनं काम होतंय तिथे तू कशाला लागतं?" म्हातारी म्हणाली. मला ती 'न्डुक' म्हणायची. पोरी.

मग शब्द. समोरचा बरोबरीचा, लहान किंवा नोकर असेल तर कोवे. ओळखपाळख नसलेला, जरा मान द्यायचा असेल तर सांपेयान. आणि मास्तर, सासरा, सरपंच, मौलवी, यांना पांजेनेंगान. 'मी'चंही तसंच. बरोबरीच्यापुढे आकु. मोठ्यापुढे कुलो. आणि फारच मोठ्यापुढे दालम.

"आणि स्वतःला मोठं म्हणायचं असेल तर?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मीच पांजेनेंगान असेन तर? स्वतःसाठी वरचा शब्द?"

बुडे खो खो हसली. तरुणीला सांगितलं, तीही हसली. "तसं कुणी करत नाही, न्डुक. राजाही नाही. वरचे शब्द दुसऱ्याला द्यायचे असतात. स्वतः घेतले तर लोक म्हणतील, डोकं फिरलंय."

"म्हणजे तुमच्या भाषेत माणसाला फक्त खाली उतरता येतं."

"तुमच्यात नाही?"

"आमच्यात तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे."

"मग?" ती म्हणाली. "तुमच्याकडे जिना नाही, तू तळमजल्यावर राहतेस, असं आहे का?"

मी म्हटलं, आम्ही तो जिना मोडणार आहोत. तिनं विचारलं, मग वरची माणसं खाली कशी येणार, उडी मारून? आणि बोलून गेल्यावर तिला कळलं आपण कुणाच्या खाटेशेजारी काय बोललो. तरुणी छताकडे बघत राहिली.

पत्रकाचा मसुदा मी आठवड्याभरात केला. अभिमानानं प्रत्येक ठिकाणी कोवे घातलं. बरोबरीची भाषा, उच्चनीच नको. कोवे, तुझा पासपोर्ट माग. कोवे, तुला कोंडलं तर खिडकीतून ओरड. रोमन लिपीत लिहिलं, बुडेला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि विचारलं, "ही नोटीस कुठल्या एजन्सीची? फारच उर्मट लिहिलीय. आमचा जकार्तातला एजंट असंच बोलायचा. कोवे उठ, कोवे सही कर, कोवे केस काप."

मी डोकं धरून बसले. तरुणी म्हणाली, "म्बाक, त्यात 'आम्ही' पण घाल की. आम्ही कोण ते कुठे लिहिलंय?"

मी 'आम्ही' विचारलं, तर दोघींमध्ये वाद झाला. साध्या बोलीत नुसता 'आम्ही' असा एक शब्दच नाही म्हणे. 'आकु आणि माझ्या सोबतिणी' म्हणायचं, नाहीतर 'अवाके डेवे'. त्याचा शब्दशः अर्थ काय म्हणून विचारलं तर म्हातारीनं आपल्या दंडाला चिमटा काढून दाखवलं. अवाक म्हणजे अंग. आपलं अंग. मी वॉर्डभर बघितलं. प्लास्टरं, लोखंडी सळ्या, पायाला बांधलेली वजनं. पत्रकाचं पहिलं वाक्य मी तिथेच बदललं, कोवे खोडून अवाके डेवे लिहिलं.

तरुणीशी माझं बोलणं वाढलं ते अंग पुसण्यावरून. कमरेखाली तिला काहीच कळत नव्हतं. दर काही तासांनी तिला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची, टाचांखाली घडी ठेवायची, नाहीतर कातडी कुजते. हे काम दोघींनी करायचं असतं, पण माणसं नव्हती, मी एकटीच करायचे. पहिले काही दिवस ती लाजेनं मेल्यासारखी व्हायची आणि मला सांपेयान म्हणायची. एक दिवस मी तिला साफ करत होते, आणि ती उशीत तोंड घालून म्हणाली, "आता मी तुला कोवे म्हणणार. जी माझं हे धुते तिच्यासमोर मी कुलो कुलो करत बसले तर वेडीच." आणि मीही तिला कोवे म्हणावं असं तिनं सांगितलं. दुसऱ्या कुणाला हे लहान वाटेल. मला पगारवाढ मिळाल्यासारखं झालं.

मग तिनं खरं काय झालं ते सांगितलं. ती पाठमोरी होती, मी पावडर लावत होते.

मालकीण आणि घरचे सगळे सुट्टीला खैरानला गेले होते, समुद्रावरच्या शॅलेत. जाताना हिला बाहेरून कुलूप. नेहमीच लावायचे. पण या वेळी राहिले जास्त दिवस, आणि फ्रीजलाही कुलूप होतं. आधी पाव संपला, मग पोरांच्या दुधाची पावडर. फोनची वायर काढून नेलेली. तिनं दारावर हात आपटले, शेजारच्या फ्लॅटमधून टीव्हीचा आवाज यायचा, कुणी आलं नाही. शेवटी चादरींना गाठी मारून ती न्हाणीघराच्या खिडकीतून उतरायला लागली. गाठ सुटली.

"मालकिणीला तू काय म्हणायचीस?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही. सर्वनामांचं भूत डोक्यात होतं.

"मामा," ती म्हणाली.

इथे सगळ्याच घरकामवाल्या बायका मालकिणीला मामा म्हणतात आणि मालकाला बाबा. आई आणि बाप. पहिल्या दिवशीच शिकवतात. कुलूप लावणारी आई. आणि ती आई हिला हाक मारायची 'या बिंत', ए मुली.

आता अडलं होतं ते हे. चौकशी करणारा अधिकारी येणार होता. तरुणीनं तीन गोष्टींपैकी एक सांगायची होती. उडी मारली म्हटलं तर जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून तीच गुन्हेगार. कोंडलं होतं म्हटलं तर मालकावर केस, आणि केस संपेपर्यंत तिला देश सोडता येणार नाही. वॉर्डात तशी एक फिलिपिनो बाई होती, कोर्टाची वाट बघता बघता तिच्या भावाचं लग्न होऊन त्याची मुलंही चालायला लागली होती. आणि खिडकी पुसताना पडले म्हटलं, तर अपघात. अपघात झाला की कफील पासपोर्ट देणार, तिकीट काढणार, मामला खलास.

मालकिणीचा भाऊ हे सांगायला स्वतः आला होता. फळांची पेटी घेऊन. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून मऊ आवाजात म्हणाला, "तू घरी जा. आम्हाला पण वाईट वाटतं. खिडकी पुसत होतीस ना?" मला त्याच्या अंगावर पेटी फेकावीशी वाटली. फळं मात्र वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी खाल्ली, बुडेनं सगळ्यात आधी. "फळाचा काय दोष?" म्हणाली.

मी तरुणीच्या मागे लागले. खरं सांग. कुलूप होतं म्हण. दुसऱ्या घरांतल्या बायकांचं काय? आज तू गप्प बसलीस तर तुझ्या जागी उद्या दुसरी येईल, त्याच खोलीत, त्याच कुलपात. आमचं पत्रक आहे, आम्ही वकील बघू. ती ऐकून घ्यायची. कधी हो म्हणायची, कधी रडायची. एकदा म्हणाली, "सांगते. अगदी फ्रीजच्या कुलपासकट सांगते." तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

चौकशीच्या आदल्या शुक्रवारी मी माझा मोबाईल आणि एक फोनकार्ड घेऊन गेले. तिला घरी बोलायचं होतं. तिच्या गावात फोन एका दुकानात, दुकानदारानं हिच्या मुलीला आणि मुलीच्या आजीला बोलावून ठेवलेलं. मुलगी सातेक वर्षांची. ही निघाली तेव्हा ती नुकती बोबडं बोलायला लागली होती. मी फोनचा स्पीकर लावून तिच्या उशीवर ठेवला.

तोवर मला बऱ्यापैकी कळायला लागलं होतं. आई म्हणाली, कशी आहेस, जेवलीस का, शाळेत काय. पलीकडून बारीक, स्वच्छ आवाज आला. "इंग्गिह." हो जी. "कुलो बरी आहे. कुलो दुसरीत आहे. पांजेनेंगान कशा आहात?" जसं परिपाठाला उभं करून म्हणवून घेतलंय.

बुडे कौतुकानं मान डोलवायला लागली. मला हळू आवाजात सांगितलं, किती सुरेख वळण लावलंय आजीनं. मग तिनं मला समजावलं. त्यांच्याकडे आई तान्ह्या पोराशी मुद्दाम वरच्या भाषेत बोलते. पोराला कोवे न म्हणता, पोरानं मोठ्यांशी जसं बोलायचं तसं स्वतःच बोलून दाखवते, म्हणजे ते ऐकून शिकतं. पोर शिकलं की ते बाहेरच्यांशी असं बोलतं आणि घरात, आईशी, साधं. "ही गेली तेव्हा हिचं ते शिकवणं अर्धंच झालं होतं. आजीनं पुरं केलं बघ."

तेवढ्यात फोनवर मुलीला वाटलं असावं की आपलं बोलून झालं. रिसीव्हर अजून तिच्याच हातात होता. ती आजीकडे वळून कुरकुरली, आणि ती कुरकुर स्पीकरवरून अख्ख्या वॉर्डात ऐकू आली. आकु, कोवे, भरभर, लाडात, तोंडात काहीतरी चघळत. आकुला आता खेळायला जायचंय, कोवे बोल ना तिच्याशी.

तरुणीनं डोळे मिटले. मी फोन उचलून कानाशी धरला तर लाईन तुटली होती.

"चांगलं वळण आहे," बुडे पुन्हा म्हणाली, पण आवाज पडला होता.

"माझ्याशी ती अशी बोलते जशी शाळा तपासायला आलेल्या बाईशी," तरुणी म्हणाली. बाकी काही नाही. मी त्या दिवशी तिला कुशीवर वळवलं तेव्हा तिनं नुसती पावडर लावू दिली.

चौकशी सकाळी झाली. अधिकारी, त्याच्याबरोबर एक दुभाष्या, आणि जरा मागे मालकिणीचा भाऊ. दुभाष्या कुठल्याशा ऑफिसातून आलेला, इस्त्रीचा शर्ट, तिच्याच बेटावरचा. मी शेजारच्या खाटेचं सलाईन बदलायचं निमित्त करून उभी राहिले. अधिकाऱ्यानं अरबीत विचारलं. दुभाष्यानं जावानीजमध्ये विचारलं, "कोवे कशी पडलीस?" कोवे. ज्याची तिच्याशी ओळखपाळखही नाही त्या माणसानं. तिनं खाली मान घालून उत्तर दिलं, "कुलो खिडकी पुसत होते."

मी थांबू शकले नाही. मोडक्या अरबीत मोठ्यानं म्हटलं, "विचारा तिला, दार बाहेरून बंद का होतं! फ्रीजला कुलूप का होतं!"

अधिकाऱ्यानं विचारलं ही कोण. आमची चार्ज नर्स, केरळची, जिला आम्ही चेची म्हणजे ताई म्हणायचो, धावत आली आणि माझा दंड धरला. पण एक खरं सांगायला हवं. अधिकाऱ्यानं हात वर करून तिला थांबवलं. लिहिणं सोडून तो पुढे वाकला आणि स्वतः पुन्हा विचारलं, "दार बंद होतं?" दुभाष्यानं ते नीट, जसंच्या तसं सांगितलं. मालकिणीच्या भावाचा चेहरा उतरला. त्या क्षणी तिनं फक्त 'इंग्गिह' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. इतके दिवस मला कोवे म्हणणारी. ती म्हणाली, "पांजेनेंगान उगाच त्रास करून घेऊ नका. दार उघडं होतं. कुलो खिडकी पुसत होते."

इतकं सभ्यपणे मला आयुष्यात कुणी बाहेर काढलेलं नाही.

चेचीनं मला औषधांच्या खोलीत नेलं. "सिस्टर, तू नर्स है या लीडर? तेरे को भी घर भेजेंगे, मेरे को भी!" मी म्हटलं, भेजने दो. ती म्हणाली, "मेरे घर में चार आदमी खाते हैं मेरे पैसे पर. तेरा क्या, तू तो पेपर चिपकाएगी और सो जाएगी." मला उत्तर आलं होतं. मी दिलं नाही, कारण बाहेर ड्रिपची बाटली संपत आली होती.

नंतर तरुणीशी माझं फारसं बोलणं झालं नाही. मी तिला पुसत होते, वळवत होते. ती आभार मानायची, वरच्या भाषेत. बुडेशी मात्र मी भांडले. म्हटलं, तिनं खोटं सांगितलं, ते लोक सुटले, उद्या दुसरी बाई आणतील. बुडे म्हणाली, "आणतीलच. कुलूप सांगितलं असतं तर तू तिला घरी पोचवणार होतीस का? केव्हा? त्या पोरीचं लग्न झाल्यावर?" मी म्हटलं, अशा हिशेबानं कुणीच कधी बोलणार नाही. ती म्हणाली, "मग बोलणाऱ्याला घरी जाता येईल असं काहीतरी कर आधी. पत्रकात ते लिही." तेव्हाही मला तिचं पटलं नव्हतं. मी खऱ्याच्याच बाजूनं होते आणि आहे. पण ज्या देशात खरं बोलायची किंमत म्हणजे घर, तिथे खोटं बोलणाऱ्या बाईकडे बोट दाखवणाऱ्यांना मी जवळ उभं करत नाही. बोट त्या कपाटाकडे दाखवा, ज्यात पासपोर्ट आहेत.

निघायच्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली. तिला ट्रॉलीवर घेतलं, पट्टे बांधले. लघवीची पिशवी, ड्रेसिंगचं सामान, गोळ्या, सगळं मी एका पिशवीत भरून तिच्या पायाशी ठेवलं. विमानात सोबत जाणारी नर्स दुसऱ्या कंपनीची होती, तिच्या हातात कागद. मी सवयीनं विचारलं, पुढे कुठपर्यंत जाणार. ती म्हणाली, जकार्ता. तिकीट जकार्तापर्यंतचंच आहे, तिथे स्ट्रेचर उतरवून दिलं की माझं काम संपलं.

तरुणीचं गाव जकार्ताहून एका दिवसाच्या रस्त्यावर होतं. बसनं, तेही बसता येणाऱ्या माणसाला.

मालकिणीचा भाऊ खाली गाडीशी उभा होता. मी धावत गेले. म्हटलं, घरी पाठवतो म्हणाला होतात. तो म्हणाला, "पाठवतोय ना. इंडोनेशिया." मी म्हटलं, तिचं घर विमानतळावर नाही. त्यानं घड्याळात बघितलं. "सिस्टर, तिनं जे सांगितलं ते सांगितलं. आम्ही तिकीट म्हणालो, तिकीट दिलं. खलास." ट्रॉली ॲम्ब्युलन्समध्ये चढली. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं की तिकीट कुठपर्यंत आहे. तिला माहीत होतं. "जकार्ता तर जकार्ता," ती म्हणाली. "तिथे सगळे आमच्यासारखेच बोलतात." तेही खरं नव्हतं. जकार्ता त्याच बेटावर, पण तिथे रस्त्यावर इंडोनेशियन चालते, जावानीज कोण बोलतं?

मी वर गेले. बुडेला सांगितलं. ती उठून बसायला बघत होती, खुब्यात सळई असताना. "फोन दे," म्हणाली.

दुकानाचा नंबर माझ्या मोबाईलवर होता. दुकानदारानं आधी कटकट केली, मग गावच्या सरपंचाला बोलावून आणतो म्हणाला. आम्ही वाट बघत बसलो, कार्डातले पैसे तुटत होते. सरपंच आला. बुडे त्या गावची नाही, तिनं त्याला कधी पाहिलेलं नाही. आणि मग ती बोलायला लागली. कुलोसुद्धा नाही, दालम. दालमची विनंती आहे. दालमला क्षमा असावी. पांजेनेंगानची एक गाडी मिळाली तर, मागे सपाट असलेली, भाजीची चालेल, त्यात गादी टाकून, पांजेनेंगानच्या गावची लेक विमानतळावर पडून राहील हो, तिला उठता येत नाही, तिला घेऊन जाणारं कुणी नाही. तिच्याकडे होते नव्हते ते सगळे वरचे शब्द तिनं त्या अनोळखी माणसापुढे ओतले, आणि स्वतःला खाली, अजून खाली नेत राहिली, केस विस्कटलेले, इस्पितळाचा झगा खांद्यावरून घसरलेला. मला एकूण एक शब्द कळत होता. मला थांबवावंसं वाटलं. म्हणावंसं वाटलं, त्याला हक्कानं सांग, उपकार मागू नकोस. पण हक्कानं कुणाला सांगायचं होतं? हक्कानं सांगायची माणसं इथे खाली गाडीत बसून निघून गेली होती.

पलीकडे कोंबडी ओरडत होती. मग सरपंचानं विचारलं, गाडीच्या डिझेलचं काय. बुडे म्हणाली, दालम बघेल. मग त्यानं विचारलं, बाई कोणाची सून. बुडेनं सांगितलं. तो "हं" म्हणाला.

"बघू," तो म्हणाला. आणि फोन ठेवला.

बुडेनं मोबाईल माझ्या हातात दिला. मी तिला उशीवर टेकवलं, झगा सारखा केला. जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज लिफ्टकडून यायला लागला होता. इथून विमानतळ जवळच आहे. तरुणीचं विमान तेव्हा अजून उडालंही नसेल.